दुसऱ्याचा ‘मी’ लिहिताना

“पोरी, तू पेपरवर विश्वास ठेवते की माझ्यावर?” भाऊंनी हे रागावून विचारलं असतं तर सोपं गेलं असतं. पण ते शांतपणे म्हणाले, बशीतला चहा फुंकत, आणि मी हातातली जुन्या कात्रणाची झेरॉक्स फाईलमध्ये परत सरकवली. कात्रणात मोर्चाच्या पुढच्या रांगेतल्या लोकांची नावं होती, त्यात भाऊंचं नाव नव्हतं. भाऊंच्या आठवणीत मात्र ते पुढेच होते, बॅनरचा डाव्या बाजूचा बांबू त्यांच्या हातात, चौकात पोलिसांची गाडी आडवी लावलेली, शेजारच्याचा घसा बसलेला म्हणून घोषणा यांनीच दिलेल्या, इतकं सगळं बारीकसारीक. आता पेपरवाल्याला यांचं नाव माहीत नसेल, किंवा लिहायचं राहिलं असेल, किंवा भाऊ पुढे होते तो मोर्चा वेगळाच असेल. लोकांच्या आठवणी ऐकून त्यांची पुस्तकं लिहून द्यायची, शब्दांकन, हेच काम मी करते, त्यामुळे हा पेच नवीन नाही, पण इतकं सरळ तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. घरी येऊन हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं तर त्या प्रश्नानंतर बराच वेळ नुसती टेबलफॅनची घरघर आणि आतून सुनेच्या कुकरची शिट्टी.

मी उत्तरच दिलं नव्हतं.

त्या रात्री झोप येईना म्हणून कपाटातून ‘द नूडल मेकर ऑफ कालिम्पोंग’ काढलं. 2015 साली आलेलं पुस्तक, आधी एकदा वाचलेलं, तेव्हा तिबेटसाठी वाचलं होतं. या वेळी कव्हरवरच्या दुसऱ्या नावासाठी वाचायला घेतलं. पहिलं नाव ग्यालो थोंडुप, दलाई लामांचे थोरले भाऊ, आणि दुसरं अ‍ॅन थर्स्टन, चीनचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या अमेरिकन बाई. पाच भावांपैकी भिक्षूची वस्त्रं न चढवलेले हे एकटेच, बाकी सगळे मठात गेले, आणि याने शिकून धाकट्या भावाला राज्यकारभारात मदत करायची असं घरात ठरलेलं. म्हणून 1946 मध्ये चीनमध्ये नानजिंगला शिकायला पाठवलं, तिथे चीनचा तेव्हाचा सत्ताधीश च्यांग काय-शेकच्या घरी ऊठबस, लग्न त्याच्याच कुओमिंतांग पक्षाच्या एका जनरलच्या मुलीशी. पुढे नेहरूंच्या सरकारशी बोलणी, सीआयएशी संधान, संयुक्त राष्ट्रांच्या दारात खेटे, 1979 मध्ये बीजिंगला जाऊन चीनचा तेव्हाचा सर्वेसर्वा, खुद्द डेंग शियाओपिंगची भेट, 1991 ते 93 धरमशालेच्या निर्वासित सरकारचं प्रमुखपद. आणि या सगळ्याबरोबर पश्चिम बंगालच्या डोंगरातल्या कालिम्पोंगला नूडल्सचा कारखाना. गावात ते नूडलवाले म्हणूनच ओळखले जायचे. 8 फेब्रुवारी 2025 ला तिथेच गेले, 97 वर्षांचे होऊन.

तिबेटी लोकांमध्ये या माणसाबद्दल एक मत कधीच नव्हतं. बायको चिनी म्हणून संशय, च्यांगशी घरोबा म्हणून संशय, अमेरिकनांचा माणूस म्हणून संशय, मग बीजिंगशी बोलायला गेले म्हणून पुन्हा संशय. त्याच चिनी बायकोने, झू दान त्यांचं नाव, 1959 मध्ये दार्जिलिंगला तिबेटी निर्वासितांसाठी स्वयंसाहाय्य केंद्र उभं केलं, गालिचे, लोकर, सुतारकाम, हजारो लोकांचं पोट तिथून चाललं, पण संशय काही हटला नाही. अशा माणसाने म्हातारपणी ‘आता माझी बाजू लिहून ठेवायची आहे’ म्हटलं की लिहिणाऱ्याच्या पोटात गोळा यायलाच हवा. कारण तो एकटा बोलणार नसतो, त्याच्यावर आयुष्यभर झालेले सगळे आरोप त्याच्या प्रत्येक वाक्यामागे उभे असतात आणि तो त्यांना उत्तरं देत देत बोलतो. समोर फक्त तुम्ही बसलेल्या असता, पण तो तुमच्याशी बोलतच नसतो. भाऊंच्या बाबतीत मला हे रोज जाणवतं. मध्येच त्यांचा आवाज चढतो, ‘तर मग मी पैसे घेतले असं म्हणणाऱ्यांनी सांगावं’, आणि खोलीत तर मी आणि टेबलफॅन, पैशाचं कुणी काही काढलेलं नसतं.

थर्स्टनबाईंना याची सवय होती. त्याआधी माओचे खाजगी डॉक्टर ली झीसुई यांच्या आठवणी, 1994 साली गाजलेलं ते जाडजूड पुस्तक, त्याच्या संपादनात त्यांचा हात होता. डॉक्टरांनी आपल्या डायऱ्या 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती, माओंची जुनं सगळं मोडून काढायची ती मोहीम, सुरू झाली तेव्हा भीतीपोटी जाळून टाकल्या होत्या, पुस्तक पुन्हा आठवून लिहिलेलं. पुस्तक आल्यावर वाद झाला, हे खरंच इतके जवळ होते का, इतकं आठवतं कसं, आणि काही महिन्यांतच डॉक्टर वारले. म्हणजे एका माणसाच्या आठवणीवर जगभर प्रश्न उठताना बाईंनी जवळून पाहिलं होतं, आणि तरी त्या कालिम्पोंगला दुसऱ्या एका म्हाताऱ्यासमोर जाऊन बसल्या. मला हे फार मोठं वाटतं. हे काम बाहेरून दिसतं तसं टायपिंगचं नाही. तासन् तास दुसऱ्याचा श्वास कानात घेऊन बसायचं, तो नेमका कुठल्या नावाआधी थांबतो, कुठे खोकला खरा आणि कुठे विचार करायला वेळ काढलेला, कुठली गोष्ट दर वेळी अगदी त्याच शब्दांत येते म्हणजे ती आता आठवण राहिलेली नाही, पाठ झालेली आहे, हे सगळं कळायला लागतं. आणि मग त्यातून ‘मी’ने सुरू होणारं वाक्य लिहायचं, जो ‘मी’ आपण नाही.

या घराण्यात तर हे पिढीभर चाललेलं दिसतं. सगळ्यात थोरले भाऊ थुबतेन जिग्मे नोर्बू, कुंबुम मठाचे प्रमुख राहिलेले, त्यांची कहाणी 1960 मध्ये हाइनरिश हारर या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने शब्दांत उतरवली. 1962 मध्ये दलाई लामांचं पहिलं आत्मचरित्र आलं, त्याच्या इंग्रजी मजकुराला मदत डेव्हिड हॉवर्थ या ब्रिटिश लेखकाची. आणि आई, डिकी त्सेरिंग, यांच्या आठवणी तर नातीने आजीजवळ बसून टिपून घेतल्या, ती नात म्हणजे ग्यालो थोंडुप यांचीच मुलगी, तीही तरुणपणीच गेली, मग नातवाने ते सगळं नीट लावून 2000 साली पुस्तक आणलं. मला या सगळ्यांत आईचं पुस्तक सगळ्यात जवळचं वाटतं. तिबेटच्या ईशान्येकडच्या आम्दो भागातल्या शेतकरी घरातली बाई, सोळा बाळंतपणं आणि जगलेली सात मुलं, आणि ती हे नातीला सांगतेय. तिथे कुणाला काही पटवायचं नाही. बाकीच्या पुस्तकांमध्ये कायम एक परका वाचक बसलेला आहे, लंडन-न्यूयॉर्कमधला, ज्याला आपलं म्हणणं पटलं तर देश मिळेल अशी आशा आहे. घर सुटलं, कचेऱ्या सुटल्या, कागदपत्रं ल्हासात राहिली, ती आता ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच ताब्यात. मग उरतं काय तर माणसांचं डोकं. तिबेटी निर्वासितांची माहितीची कचेरी म्हणजे ही म्हातारी माणसं, असं म्हटलं तरी चालेल, आणि त्या कचेरीत लिहायला बसलेला कारकून बहुतेक वेळा परदेशी.

मग अशा आठवणीला हात लावायचा की नाही?

एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. 1947 मध्ये ग्यालो थोंडुप यांचे वडील ल्हासात वारले. ग्यालो थोंडुप यांची पक्की खात्री की त्यांच्यावर विषप्रयोग झाला. त्याच वर्षी आधीचे राजप्रतिनिधी रेटिंग रिंपोछे पोताला राजवाड्याच्या कैदेत मरण पावलेले, ल्हासातलं राजकारण पार नासलेलं, म्हणजे संशयाला जागा भरपूर. पण मुलगा तेव्हा नानजिंगला होता, हजारो मैल लांब. त्याने काही पाहिलेलं नाही, त्याच्यापर्यंत बातमी आली, मग पुढे लोकांच्या बोलण्यातून बाकीचं आलं, आणि सत्तर वर्षं ते मनात मुरत राहिलं. पुस्तकात हे ‘मी’च्या आवाजातच येतं. मी शब्दांकन करत असते तर काय केलं असतं? ‘असं म्हणतात’ घातलं तर त्याचं वाक्य राहत नाही, कारण तो ‘असं म्हणतात’ म्हणत नाहीये, त्याच्यासाठी ते घडलेलं आहे. बापाच्या मरणाबद्दल मुलाला काय वाटत आलं हेसुद्धा इतिहासातच मोडतं. पण विष दिलं गेलं की नाही हा प्रश्न निराळा, आणि दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की कुणातरी मेलेल्या माणसावर खुनाचा डाग कायमचा बसतो, त्याची नातवंडंही कुठेतरी असतातच ना.

सोन्याचांदीचंही तेच. 1950 मध्ये चिनी फौजा आत घुसल्या तेव्हा पोतालातला खजिना खेचरांवर लादून सिक्कीमला हलवला होता, तिथल्या राजाच्या तबेल्यात तो वर्षानुवर्षं पडून होता. 1959 नंतर निर्वासितांना पैसा हवा म्हणून तो कलकत्त्याला नेऊन विकला, आलेली रक्कम धंद्यांमध्ये गुंतवली आणि तिचा बराच भाग बुडाला. कुणामुळे बुडाला यावर आजही तिबेटी घरांमध्ये आवाज चढतात. ग्यालो थोंडुप पुस्तकात आपली बाजू मांडतात, आपला हात स्वच्छ होता म्हणतात, दुसऱ्यांकडे बोट दाखवतात. आणि गंमत नव्हे, खरोखर विचार करायला लावणारी गोष्ट अशी की तो खजिना हलवायच्या कामात त्यांच्या हाताखाली एक तरुण होता, ताशी त्सेरिंग, त्याचंही आत्मचरित्र आहे, 1997 चं, तेही मेल्विन गोल्डस्टाइन आणि विल्यम सीबेनशू या दोन अमेरिकन प्राध्यापकांबरोबर लिहिलेलं. हा ताशी पुढे अमेरिकेला शिकायला गेला, 1964 मध्ये सगळ्यांच्या विरोधाला न जुमानता चीनला परतला, सांस्कृतिक क्रांतीत तुरुंगात सडला, आणि सुटल्यावर आपल्या नामलिंग भागात शाळा काढत राहिला. एक दलाई लामांचा, म्हणजे तिबेटच्या राजाचाच भाऊ, एक त्याच दलाई लामांच्या नाचाच्या पथकात जबरदस्तीने नेलेला गरीब घरचा पोर. एकाच खजिन्याशेजारी उभे राहिलेले दोघे. पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की एकाच घटनेतलं पहिल्याला काय दिसलं आणि दुसऱ्याला काय दिसलं ते कळतं, आणि कुणीही मध्ये पडून ती जुळवली नाहीत हे किती बरं झालं असं वाटतं.

पण सगळ्याच गोष्टींना दुसरा साक्षीदार मिळत नाही, हा खरा त्रास. मार्च 1979, बीजिंग. हाँगकाँगमार्फत निरोप येऊन ग्यालो थोंडुप डेंगला भेटतात. चिनी भाषा पक्की, म्हणजे दुभाष्यामुळे घोटाळा झाला म्हणायची सोय नाही. ते सांगत आले की डेंग म्हणाले, स्वातंत्र्य सोडून बाकी सगळ्यावर बोलता येईल. या एका वाक्यावर पुढची किती वर्षं उभी आहेत! दलाई लामांची शिष्टमंडळं तिबेटमध्ये गेली, पहिल्यात त्यांचाच भाऊ लोबसांग साम्तेन होता. लोकांनी पाहुण्यांवर दगड मारू नयेत, थुंकू नये अशा सूचना चिनी अधिकाऱ्यांनी आधी देऊन ठेवल्या होत्या, आणि प्रत्यक्षात लोक रडत त्यांच्या अंगावर कोसळले, कपड्याचा तुकडा तरी मिळावा म्हणून झोंबले. आणि 2008 मध्ये चीनकडून सांगण्यात आलं की डेंग असं कधी म्हणालेच नव्हते. ऐंशीच्या घरातला हा माणूस पुन्हा उठून सांगत राहिला की मी त्या खोलीत होतो, मी ऐकलंय. एका बाजूला अख्ख्या सरकारचं दफ्तर, दुसऱ्या बाजूला एक कान. इथे थर्स्टनबाईंच्या जागी मी असते तर कात्रण काढून त्यांच्यापुढे धरायची माझी छाती झाली नसती. आणि इथेच मला भाऊंच्या प्रश्नाचं वजन कळलं. ज्याच्याकडे कागद नाही त्याला कागद दाखवणं म्हणजे बऱ्याचदा ज्याच्याकडे छापखाना होता त्याच्या बाजूने उभं राहणं होतं.

तरीसुद्धा, आणि हे मी स्वतःला बजावून लिहितेय, नुसतं मान डोलावून टाइप करत जाणं यालाही काही अर्थ नाही. सीआयएचं प्रकरण घ्या. 1957 मध्ये पहिल्या सहा तिबेट्यांना सायपान बेटावर नेऊन वायरलेस, नकाशे, पॅराशूट शिकवलं, मग अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात कॅम्प हेल ही प्रशिक्षणाची छावणी, मग चीनशी लढणाऱ्यांचा तळ, नेपाळातलं मुस्तांग. या सगळ्याच्या मुळाशी ग्यालो थोंडुप. आणि म्हातारपणी तेच म्हणतात की आयुष्यात पस्तावा एकाच गोष्टीचा, सीआयएच्या नादी लागलो त्याचा, अमेरिकेला तिबेटला मदत करायचीच नव्हती, चीनला त्रास द्यायचा होता. 1974 मध्ये मुस्तांगच्या लढवय्यांनी शस्त्रं खाली ठेवावीत म्हणून दलाई लामांच्या आवाजातली टेप त्यांना छावणीवर नेऊन ऐकवली गेली, माणसं ढसाढसा रडली, काहींनी जीव दिला. आता मला सांगा, ज्याने ती पोरं निवडून पाठवली त्याचा पस्तावा आणि ज्यांनी टेप ऐकली त्यांचा पस्तावा, एकच आहे का? त्याचा ‘मी’ लिहिताना त्याचा पस्तावा पूर्ण लिहावा, शब्द न कापता. पण ज्यांना त्याने पाठवलं ती माणसं पुस्तकात कुठेतरी दिसली पाहिजेत की नाही, हे लिहिणाऱ्यानेच बघायचं, सांगणाऱ्याच्या ते लक्षात येईलच असं नाही.

थर्स्टनबाईंनी यावर जो तोडगा काढला तो मला पटतो. पुस्तकाचं मधलं अंग सगळं त्यांचं, ग्यालो थोंडुप यांचं. सुरुवातीला आणि शेवटी मात्र बाई स्वतःच्या नावाने बोलतात, हा माणूस मला कसा दिसला, इतर लोक काय सांगतात, कुठे मेळ बसत नाही. काही वाचकांना हे आवडलं नाही. जामयांग नोर्बू यांच्यासारख्या तिबेटी लेखकाने तर या पुस्तकातल्या चुका काढत भलामोठा आणि खरमरीत लेख लिहिला. त्यांचा राग मला समजतो, त्यांच्यासाठी हे आपल्याच लोकांमधलं भांडण आहे, आणि सोबत लिहिणाऱ्या परक्या अभ्यासकाने अजून खणायला हवं होतं असं त्यांना वाटलं तर त्यात चूक नाही. पण मजकुराच्या आत शिरून गुपचूप दुरुस्त्या केल्या असत्या तर नोर्बूंना भांडायला तरी काय हाती लागलं असतं? चुका ग्यालो थोंडुप यांच्या स्वतःच्या राहिल्या म्हणून त्या पकडता आल्या.

आपल्याकडे अभिनेत्री हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ आठवा, अरुण साधूंनी शब्दांकन केलेलं, ‘माणूस’ या नियतकालिकातून लोकांपुढे आलेलं. हेच साधू ज्यांनी चीनच्या क्रांतीवर ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ लिहिलं. ‘सांगत्ये ऐका’त साधू शोधून सापडत नाहीत, बाई बोलताहेत आणि आपण ऐकतोय, मध्ये तिसरं माणूस नाहीच. मी हे काम सुरू केलं तेव्हा तेच माझं दैवत होतं, असंच गायब होता आलं पाहिजे. अजूनही त्या पुस्तकापुढे हात जोडते. पण हंसाबाई स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलत होत्या, स्वतःच्या शरीराबद्दल, दारूबद्दल, मुलीबद्दल. एका लोकसमूहाचं काय झालं हे जेव्हा एकाच माणसाच्या तोंडून येतं तेव्हा पूर्ण गायब व्हायचा हक्क लिहिणाऱ्याला उरत नाही असं मला आता वाटायला लागलंय. शेवटची चार पानं तरी आपल्या नावाने, जबाबदारी घेऊन लिहावीत. भाऊंना मी हे विचारलं. ते म्हणाले, “लिही ना, पण माझ्यानंतर.” म्हणजे पुस्तकात त्यांच्या मजकुरानंतर की ते गेल्यानंतर, हे मी विचारलं नाही, दोन्ही अर्थाने मला चालणार आहे.

हे सगळं लिहिताना गोंदिया जिल्ह्यातलं गोठणगाव सारखं डोळ्यांपुढे येतंय. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, भातखाचरांच्या मुलखात, 1972 पासून तिबेटी वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. नागपूर-पुण्याला थंडीत स्वेटर विकायला बसतात त्या लोकांकडून आपण लोकरीचे भाव करतो, बाकी काही विचारत नाही. 1959 मध्ये जे पंधरा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. राजाच्या भावाला थर्स्टनबाई मिळाल्या, ताशी त्सेरिंगला दोन प्राध्यापक मिळाले. गोठणगावच्या आजीला कोण मिळणार? विदर्भात पत्रकारिता, इतिहास शिकणारी पोरं आहेत, मोबाइलमध्ये रेकॉर्डर आहे, वसाहतीतली तरुण मुलं दुभाषी म्हणून बसतील. कुणी जाणार असेल तर मी माझ्या अनुभवावरून एवढंच सांगेन: पहिल्या दिवशी दलाई लामांबद्दल आणि चीनबद्दल विचारू नका, त्यावर सगळे तेच बोलतात. गावात किती याक होते, कुणाशी भांडण होतं, वाटेत काय खाल्लं, इथल्या उन्हाळ्याला पहिल्या वर्षी काय केलं, हे विचारा. आजीचं आणि शेजारच्या आजोबांचं जुळलं नाही तर दोन्ही तसंच ठेवा, खाली तुमचं नाव घालून लिहा की जुळत नाही. आणि निघताना रेकॉर्डिंगची एक कॉपी पेनड्राइव्हवर घालून त्यांच्या घरी द्या.